बनियनच्या आतली तंबाखू

२३ नोव्हेंबर १९३६, सोमवार

पाचवीच्या वर्गात चित्रकलेच्या तासाला गेलो तर फळ्यावर तंबाखूचं पान काढलेलं. देठ, शिरा, टोकाची मुरड, सगळं बरोबर. चित्र खरोखर चांगलं होतं आणि तसं काढायला मीच शिकवलंय, म्हणून राग दुप्पट. पुसलं. दहा महिने झाले, शाळेत माझं नाव ‘पान-मास्तर’ आहे.

ही बाळगोंडाची देणगी. यापुढे नुसता बा. लिहीन, त्याच्या अख्ख्या नावावर शाई घालवायची नाही. इथे बेळगावच्या कचेरीत कारकून, घर निपाणीचं, घरची तंबाखूची वखार. गेल्या जानेवारीत आमच्या सायकल मंडळाची बेळगाव ते निपाणी रात्रीची फेरी होती. बा. म्हणाला, अंगाला तंबाखूचं पान लावा, ऊब राहते. लावलं. घामानं तंबाखू भिजली आणि संकेश्वरच्या अलीकडे अशी भोवळ आली की सायकलसकट रस्त्याकडेला. वांत्या, थंड घाम, हातांना कापरं. सकाळी निपाणीत मुलगी बघायला जायचं होतं. दोघांनी धरून नेलं. मुलीच्या मामांनी एकदा बघितलं आणि निरोप पाठवला, मास्तरांना फिट येते. वैशाखात मुलीचं दुसरीकडे लग्न झालं.

घामेजल्या अंगाला तंबाखू लावायची नाही हे निपाणीचं शेंबडं पोरही जाणतं. बा.ला माहीत नव्हतं? वर माझ्या वांत्यांची नक्कल सगळ्या मंडळाला करून दाखवली. अजून दाखवतो.

२९ नोव्हेंबर

दादू मिस्त्रीच्या सायकल दुकानात मंडळाची बैठक. यंदाची फेरी संक्रांतीनंतरच्या शनिवारी, १६ जाने. सहा जण. तयारी कोणाकडे द्यायची? बा. म्हणाला, “मास्तरांकडंच द्या की. त्यास्नी अनुभव लई हाय.” सगळे हसले. दादूसुद्धा, हातातली चेन खाली ठेवून. मीही हसलो आणि काम पत्करलं. कपड्यांची यादी, खाणं, पंक्चरचं सामान, सहा जणांचे दिवे. सगळं माझ्या हातात आलं आणि आणून दिलं त्यानेच.

६ डिसेंबर

यादी मोठ्या कागदावर लिहून दुकानात लावली. मथळा तांबड्या शाईत.

बनियन दोन, एक कोरडा पिशवीत. बनियन आणि सदऱ्याच्या मध्ये छातीवर वर्तमानपत्राचे चार पदर. कानटोपी. हातांत पायमोजे. छातीला तिळाचं तेल चोळून निघणे. चढाला गुंड्या सोडाव्या, उतार लागण्यापूर्वी थांबून सगळ्या लावाव्या, कारण घाम उतारावर गार पडतो आणि मग शेकोटीनेही ऊब येत नाही. सुंठ-गूळ, शेंगदाणे. पाणी थोडं थोडं.

बा.ने बोट ठेवून वाचली. “पान राह्यलं की मास्तर.”

हस बाबा.

१३ डिसें., पहाटेची काकतीपर्यंत चक्कर

कागदाचे पदर उत्तम. वारा शिरत नाही, फक्त वाकलं की कुरकुरतात. बोटं मात्र गेली, पायमोजे दुहेरी हवेत.

येताना डोक्यात दुसरंच. ट्यूबला टाचणी? दहा मिनिटांत पंक्चर काढेल. कपड्यांत खाजकुइली? पोरकटपणा. मला हवंय ते एवढंच: बा. एकटा, अंधारात, गारठलेला, सायकल हातात धरून घाट उतरतोय आणि मी उबेत पुढे. सकाळी निपाणीत सगळ्यांसमोर थरथरत यावा. बाकी काही नको.

२० डिसेंबर

सापडलं. दिवा.

कार्बाईडच्या दिव्यात खाली खडे, वर पाणी. थेंब पडला की गॅस, गॅस आहे तोवर उजेड. खडा संपला की राहतो नुसता पांढरा चुना. तळाला हा मेलेला चुना भरून वर मोजके ताजे खडे ठेवले तर दिवा आधी झकास जळतो आणि मग जातो. तीन रात्री परसात खडे कमीजास्त करत बसलो. पावणेदोन तासांचं माप बसलं. वंटमुरी घाटाच्या तोंडाशी जायला तेवढाच वेळ लागतो.

आक्का नाकाला पदर लावून आली. थोरली बहीण, हे घर तीच चालवते. “बापू, काय जाळतोयास रं? आळीभर वास सुटलाय.”

म्हटलं, प्रयोग.

“तुझ्या पर्योगात मागल्या साली माझी मिसरीची जुडी गेली.”

दाताला लावायच्या मिसरीचं तिला अजून दुःख. भावाच्या मोडलेल्या सोयरिकीचं नाही.

१४ जानेवारी १९३७

संक्रांत. बा. तिळगूळ घेऊन घरी. आक्काला त्याचं भारी कौतुक. तिच्यासाठी वखारीतली तंबाखूची जुडी आणलेली. देताना माझ्याकडे बघून, “ही आक्कांची हाय बरं का मास्तर. पोटाला बांधू नगासा.” आक्का तोंडाला पदर लावून हसली. माझ्याच घरात, माझीच बहीण.

तिळगूळ खाल्ला. त्याच्याही हातावर ठेवला. मनात म्हटलं, परवा.

१६ जाने., शनि., संध्या. ५

दादूच्या दुकानात दिवे भरून आलो. पाच नीट. सहावा बा.चा, तोही अगदी मापाने. सायकली तिथेच, नऊला निघणं. चंद्रकोर साडेनऊपर्यंत मावळेल. जादा खड्यांचा डबा माझ्या पिशवीत.

हात जरासुद्धा कापला नाही. मुद्दाम लिहून ठेवतो.

१७ जाने., निपाणी

झालं. क्रमाने लिहितो.

दुरुस्तीची पिशवी माझ्याकडे म्हणून मी सगळ्यांत मागे. बा.ला गप्पांत गुंतवून बरोबर ठेवला. बाकीचे चौघे पुढे निघून गेले. घाटाच्या तोंडाशी दोघे गुंड्या लावायला थांबलो, यादीत लिहिल्याप्रमाणे. तिथेच त्याचा दिवा लुकलुकायला लागला.

“मास्तर, खडं संपलं वाटतं. हायत का तुमच्याकडं?”

म्हटलं, डब्यात पाणी गेलं, सगळे फुकट.

“बरं. म्होरं व्हा. तुमच्या उजेडात येतो.”

माझ्या चाकाला धरून यायला लागला. कचेरीतलं काहीतरी सांगत होता. पहिल्या वळणापर्यंत ऐकलं, मग ब्रेक सोडले. मागून हाक आली, “मास्तर, हळू.” दुसऱ्या वळणाखाली रस्त्याखालून पाणी जायची मोरी आहे, तिथे सायकल आपटल्याचा आवाज झाला. ऐकला. थांबलो नाही.

संकेश्वरला, मी पडलो होतो त्याच जागी उतरलो आणि सुंठ-गूळ खाल्ला. साडेचारला इथे. अंगात ऊब, पाय मोकळे. चौघांना सांगितलं, मला वाटलं बा. माझ्या मागोमागच आहे. वाईट वाटत नाही. वर्षानंतर छाती मोकळी झाली.

सकाळी १०. अजून आलेला नाही.

१८ जाने., बेळगाव

बा. काल सकाळी अकराला उतारूंच्या सर्व्हिस मोटारीतून निपाणीत आला. उतरवून घ्यावा लागला. घोटा मोडलाय. तीन तास मोरीत पडून होता. गुळाच्या बैलगाड्या आल्या, त्यांनी कडब्यात गुंडाळून नेला. ओठ निळे, दात वाजतायत. मला बघितल्यावर म्हणाला, “छातीवर कागद हुतं म्हणून जगलो मास्तर. तुमच्या यादीनं वाचिवलं.”

सगळ्यांचं जेवण त्याच्याच घरी ठरलेलं. बसावं लागलं. त्याच्या आईला सगळे आव्वा म्हणतात. तिने तव्यावर तंबाखूचं एक पान गरम केलं, त्याला पालथा झोपवला आणि पाठीवर ठेवलं. बनियनच्या वरून. त्यावर घोंगडं. विचारलं, आव्वा, ह्याने वांत्या नाही होत?

“येकच पान, आन् कापडावरनं. कातडीला लागू द्यायचं न्हाय. आमचं गाडीवान थंडीत असंच जात्यात. बाळूनं तुमास्नी सांगिटलंतं की.”

बा. डोळे मिटूनच हसला. “सांगिटलंतं आव्वा. मास्तरांनी जुडीच बांधली.”

असलं काही सांगितलं नव्हतं. मला पक्कं आठवतं.

१९ जाने.

गेल्या सालची रोजनिशी ट्रंकेत होती. काल रात्री काढली नाही. आज शाळेतून आल्यावर काढली. १७ जानेवारी, माझंच अक्षर, वळणदार:

“बाळगोंडाने घरची जुडी दिली. म्हणतो, पाठीवर एकच पान, बनियनच्या वरून, आत नको. बाकी आक्कांच्या मिसरीला. एका पानाने काय होणार? तयारी करायची तर पुरती करावी. सबंध जुडी आतून बांधतो.”

सबंध. आतून. तेव्हा त्याचं नाव पूर्ण लिहीत होतो.

चार वेळा वाचलं. नक्कल केली की नाही त्याने? केली. फळ्यावरचं पान त्याच्यामुळे की नाही? त्याच्यामुळे. पण तेवढ्यासाठी कोणी कोणाला मोरीत टाकून जात नाही. वर्षभर जीव लावून राग पोसला आणि आता तो घेऊन जाऊ कुठे? स्वतःवर राग धरायचा तर जमत नाही, सवय नाही. पुन्हा त्याचाच राग येतो, की त्याने खरं का सांगितलं.

पान फाडणार होतो. फाडलं नाही.

७ फेब्रुवारी

बाळगोंडा बेळगावात परतला. पायाला लाकडी पट्ट्या, टांग्यातून थेट दादूच्या दुकानात. मीही होतो. दादूने वाकलेली सायकल दुरुस्तीला घेतलेली. त्यानेच दिवा उघडून दाखवला: तळाला जुना घट्ट चुना, वरच्या कडेला तेवढा ताज्या खड्यांचा मऊ गाळ. “ह्ये आपसूक झाल्यालं न्हाय,” दादू म्हणाला. भोळा माणूस. झाकून ठेवायचं त्याच्या मनातही आलं नाही.

बाळगोंडाने दिवा हातात घेऊन आत बघितलं आणि दादूला म्हणाला, “खडं तुझं. दुकान तुझं. पाचापास्नं नवापतोर सायकली तुझ्या दारात.”

मी बाहेर आलो तर टांग्यातून हाक. “मास्तर, ज्यानं केलं त्येला मी सोडत न्हाय. त्याच मोरीत निजवतो, उघड्या अंगानं, रातभर.” आवाज अगदी शांत. हा आवाज मला ओळखीचा वाटला. डिसेंबरात परसात बसून मी मनातल्या मनात असाच बोलत होतो.

“त्या दिवशी दुकानात कोन कोन आलतं, समद्यांची नावं लिहून द्या. अक्षर तुमचं चांगलं हाय.”

असं म्हणून माझ्याकडे बघत राहिला. हसला नाही. त्याला ठाऊक आहे की खरोखरच विश्वास आहे, मला कळलं नाही. दिवे मी भरले हे तो विसरलेला नाही. डब्यात पाणी गेलं हे मी सांगितलं आणि हाक मारूनही थांबलो नाही, तेही नाही.

१३ फेब्रु., शनि.

मंडळातल्या चौघांनी दादूवरच्या संशयाने सायकली त्याच्याकडून काढून दुसऱ्या दुकानात नेल्या. दादू शाळेच्या फाटकाशी उभा होता. “मास्तर, तुमी तरी सांगा त्यास्नी. दिवं तुमी भरलंतासा, ठीक हुतं न्हवं?” म्हटलं, बघतो.

बाळगोंडा उद्या संध्याकाळी यादी न्यायला येणार. आक्का त्याच्यासाठी धपाटे करणार म्हणते.

कागद आखला. सवयीने मथळा तांबड्या शाईत. खाली १ हा आकडा घातला, पुढे नावाची जागा कोरी. दादूही त्या दिवशी हसला होता, हातातली चेन खाली ठेवून. हे आठवलं आणि टाक उचलला, खोटं कशाला लिहू. ‘दा’ एवढं काढलं आणि थांबलो.

तो कागद टेबलावर आहे. शेजारी गेल्या सालची रोजनिशी, १७ जानेवारीचं पान उघडून. आणि ही यंदाची, दिव्याची आणि घाटाची, १६ आणि १७ जानेवारीची पानं हिच्यात. उद्या तो हात पुढे करेल तेव्हा यातलं काय त्याच्या हातात द्यायचं, ते अजून ठरलेलं नाही.