हत्ती, एक, लहान

प्रिय खारू,

तुझं पुडकं सोमवारी मिळालं. आत होतं ते असं: ऑफिसच्या कपाटाच्या दोन किल्ल्या, फोटोचं ओळखपत्र, निळ्या पुठ्ठ्याची कामाची वही, शाई संपलेलं पेन आणि माझीच चार पत्रं, न फोडलेली. टपालाचे बेचाळीस रुपये तू भरले होतेस. वजन जास्त भरलं म्हणून वरचे सहा माझ्याकडून घेतले. न वाचलेल्या पत्रांचंही वजन भरतं हे मला नव्यानं कळलं. सोबत तुझी एका ओळीची चिठ्ठी, "आई, हे सगळं त्यांना देऊन टाक." मी काहीही दिलेलं नाही. रागवायचं असेल तर पत्र संपल्यावर रागव.

हे पत्र मी उघडंच तुझ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंच्या नावे पाठवते आहे, म्हणजे ते न फोडण्याचा प्रश्नच नको. तुला कामाचं एक अक्षर लिहायचं नाही असं त्यांनी मला बजावलंय, आणि आज मी नुसतं कामाचंच लिहिणार आहे. तुझ्या हाती द्यावं असं त्यांना वाटलं तर त्या देतील. देवाच्या कानावर मी घातलंय. पुढचं त्या दोघांनी बघून घ्यावं.

तुला तिकडे सोडायला आलो त्या दिवशी गाडीत तू खिडकीकडे तोंड करून म्हणालीस, "आई, मला काहीच येत नाही. माझ्यामुळे सुतारआजोबांची पाळी चुकली." मी मॅट्रिक बाई, तुझ्या सर्व्हरवर काय बोलणार? पाण्याची बाटली पुढे केली. घरी आल्यावर मात्र ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. भात लावताना तेच, देवापुढे बसले तरी तेच. शेवटी देवालाच म्हटलं, पोरीला उत्तर द्यायचंय, काहीतरी सुचव.

दुसऱ्या दिवसापासून मी तुझ्या ऑफिसात जाते आहे. हे आजवर तुला कुणी सांगितलेलं नाही. मॅनेजरबाईंना फोनवर नोंदी घ्यायला माणूस हवा होता. म्हटलं, अक्षर बरं आहे, वह्या ठेवायची सवय आहे आणि डबा घरून आणीन. तुझ्याच खुर्चीत बसते. उशी घ्यावी लागते, खुर्ची फार खाली केली आहेस.

तुमची भानगड मला जशी कळली तशी लिहिते, चुकलं तर हस. ज्यांना आठवड्यातून तीनदा मूत्रपिंडाच्या उपचाराला जावं लागतं, त्यांना संस्थेची गाडी नेते. गाडीत जागा धरायला तू वेबसाइट केलीस. जागा धरताना डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो जोडावा लागतो. दोन महिन्यांपूर्वी जिन्याखालचा जुना सर्व्हर काढून नवा बसवला आणि तेव्हापासून प्रत्येक फोटो परत येऊ लागला, "फाईल फार मोठी आहे." सर्व्हरच्या दारात केवढ्या वजनाचा फोटो आत घ्यायचा याची मर्यादा एका फाईलमधे लिहिलेली असते. ती एक एमबी होती, तू वीस केलीस. तरी फोटो परत. त्या गोंधळात सुतारआजोबांची नोंद राहिली, गाडी त्यांच्या दाराशी गेली नाही आणि दुसऱ्या दिवशी त्यांना भरती करावं लागलं. हे सगळं तू स्वतःच्या माथी मारून घेतलंस.

मी फोनवर बसले तोवर गोष्ट फार पुढे गेली होती. समितीची बैठक या शुक्रवारची ठरली होती आणि विषय एकच: तुझी वेबसाइट मोडीत काढायची आणि बाहेरच्या कंपनीकडून नवी घ्यायची. मॅनेजरबाई तशा बऱ्या, पण त्याही म्हणाल्या, "मुलगी हुशार होती हो, झेपलं नाही तिला." होती म्हणे! मी नोंदवहीत मान घालून बसले, नाहीतर तोंडातून काहीतरी गेलं असतं.

सोमवारी तुझी निळी वही आली. तुझ्या वहीत डोकावू नये हे मला कळतं. तरी डोकावले. अकरा दिवसांच्या नोंदी आणि सगळ्या एकसारख्या: मर्यादा वीस केली, सर्व्हर बंद करून चालू केला, तेच. मर्यादा पन्नास केली, तेच. सगळी फाईल पहिल्यापासून नव्यानं लिहिली, तेच. आणि शेवटच्या पानावर ते गाडीतलं वाक्य, पेन रुतेल इतकं दाबून. तुझे बाबा म्हणाले, "ठेवून दे ती वही." मी ठेवली नाही. खारू, मी पस्तीस वर्षं घराच्या वह्या लिहिते. एकच बेरीज कुणी अकरा वेळा करावी आणि अकराही वेळा तेच उत्तर यावं, अशा माणसाची बेरीज चुकलेली नसते. गफलत दुसरीकडे कुठेतरी असते. पण कुठे ते काही मला सांगता येईना.

ते सुचलं गुरुवारी सकाळी, वाण्याची यादी करताना. तुला आपला जुना वाणी आठवतो? कोपऱ्यावरचा, कानावर पेन्सिल अडकवणारा? मी चिठ्ठीत हरभरा डाळ लिहावी आणि त्यानं तूरडाळ धाडावी. विचारलं की म्हणायचा, "वहिनी, यादीप्रमाणेच दिलंय." महिनोन्‌महिने मी माझंच अक्षर सुधारत बसले. मोठं काढलं, खाली रेघ मारली, एकदा तर लाल शाईनं लिहिलं. शेवटी एका महिन्यात साबण आणि काडेपेटीच्या मधे लिहून दिलं, "हत्ती, एक, लहान." सामान आलं, यादी परत आली, आणि हत्तीपुढे बरोबरची खूण! तेव्हा कळलं की गृहस्थ यादी वाचतच नाही, गेल्या महिन्याचं पाठ आहे तेच बांधून देतो. तू तेव्हा पाच वर्षांची होतीस. ती खूण बघितलीस आणि आठ दिवस खिडकीत बसलीस, हत्ती येणार म्हणून. झोपायचा कुठे, याची जागासुद्धा झाडून ठेवली होतीस.

पेन्सिल खाली ठेवली आणि तशीच निघाले. तुझे बाबा मागून ओरडत होते, "आता सर्व्हरलाही किराणा भरणार का?" मी म्हटलं, हो, आणि भाजी गॅसवर आहे, ती बघा.

नवा सर्व्हर बसवून देणारा तो चष्मेवाला गृहस्थ तुला माहीतच आहे. तू गेल्यापासून तोच बघायला येतो. दर दोन दिवसांनी यावं, मर्यादेचा आकडा बदलून बघावा, पुन्हा होता तसा करावा आणि हळहळत जावं. मी त्याला म्हटलं, माझ्या मुलीच्या फाईलमधे मधेच एक ओळ घाला, हत्ती एक लहान. तो चष्म्यावरून माझ्याकडे बघतच राहिला. "काकू, तुम्ही घरी जाऊन जरा पडा बरं." मी म्हटलं, पडते, आधी हत्ती घाला. "अहो, असला शब्द दिसला तर तो चालूच होणार नाही! ओरडेल तो!" मी म्हटलं, मला तेच ऐकायचंय, तो ओरडतो का. गडी काही तयार होईना. शेवटी मॅनेजरबाई आतून ओरडल्या, "घाला हो तो हत्ती, दुपारी तशाही नोंदी नसतात."

घातला. सर्व्हर बंद केला, चालू केला. मी देवाचं नाव घेत उभी होते. आणि बाई गं, तो चालू झाला की! हूं नाही की चूं नाही. हत्ती सुखरूप आत. चष्मेवाला म्हणाला, "असं कसं होईल?" मी म्हटलं, तो ही यादी वाचतच नाही, दुसऱ्याच कुणाचं तरी पाठ म्हणतोय.

मग त्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा झाला. खुर्ची ओढून बसला, दोन ओळी टाईप केल्या आणि चालू असलेल्या सर्व्हरलाच विचारलं की बाबा, तू कुठली फाईल घेऊन बसला आहेस. उत्तर आलं. भलत्याच जागेचा पत्ता. नवा सर्व्हर बसवताना त्यानं स्वतः चाचणीसाठी एक फाईल केली होती, सर्व्हर सुरू करायच्या आज्ञेत तिचा पत्ता घातला होता आणि तो बदलायचा विसरला होता. तिच्यात मर्यादा होती एक. तुझी फाईल शेजारच्या फोल्डरमधे सगळं बरोबर घेऊन बसली होती आणि तिला दोन महिने कुणी विचारलं नव्हतं. "काकू," तो म्हणाला, "ही माझी फाईल." माणूस वाईट नाही. लपवलं असतं तर मला कुठे कळणार होतं?

त्यानं आज्ञेत तुझ्या फाईलचा पत्ता घातला आणि हत्ती काढायला निघाला. मी त्याचा हातच धरला. म्हटलं, राहू द्या, आता ओरडतो का बघू. आणि ओरडला, खारू! पडद्यावर भलीमोठी तक्रार. अनोळखी शब्द, हत्ती, ओळ एक्केचाळीस, मी चालू होत नाही, जा. उभ्या जन्मात कुणाची बोलणी खाऊन मला एवढा आनंद झाला नव्हता. मॅनेजरबाई धावत बाहेर आल्या, त्यांना वाटलं आग लागली. मग ती ओळ काढली आणि पुन्हा चालू केला. मी कागदावर लिहून ठेवलंय: गुरुवार, दुपारी एक वाजून अठरा मिनिटं. तुझ्या फाईलमधलं एक अक्षरही बदलावं लागलं नाही. जे तू लिहून ठेवलं होतंस तेच.

पहिला फोन मी सुतारआजोबांना केला. ते घरी येऊन पंधरवडा झाला, तब्येत ठणठणीत, सुनेशी भांडतात. म्हटलं, चिठ्ठीचा फोटो पाठवून बघा. ते म्हणाले, "पुन्हा तेच लाल अक्षर येणार." पाठवला. माझ्यासमोर नाव आलं, फोटो आला, गाडीतली जागा धरली गेली. पलीकडून आवाज, "हिरवं आलं! अहो, हिरवं आलं!" मग म्हणाले, "त्या पोरीला सांगा, म्हातारा सागाचा आहे. एका दिवसानं भेगाळत नाही." संध्याकाळपर्यंत सव्वीस नोंदी झाल्या. फोन इतका गप्प होता की दोनदा उचलून बघितला, चालू आहे ना.

शुक्रवारच्या बैठकीत मला बोलावलं. मी तुझी निळी वही घेऊन गेले आणि अकरा दिवसांच्या नोंदी मोठ्यानं वाचल्या. मग चष्मेवाला उठला आणि म्हणाला, "चूक आमच्या बाजूची होती. मुलीचं काम पहिल्यापासून बरोबर होतं." सगळ्यांसमोर, खारू, उभं राहून. मी ते इतिवृत्तात लिहून घ्यायला लावलं. बाहेरच्या कंपनीचा विषय तिथेच मिटला. मॅनेजरबाई मला म्हणाल्या, "तुमची मुलगी हुशार आहे हो." या वेळी आहे म्हणाल्या. मी घरी चालत आले ते रस्ताभर हसत. लोक बघत होते. बघोत.

आता पत्र लिहायचं कारण. वरचं सगळं तू बरी होऊन घरी आलीस की सांगता आलं असतं, पण एक काम तुझ्यावाचून अडलंय. तुझ्या फाईलमधे अठ्ठावन्नाव्या ओळीवर, संथ येणाऱ्या फोटोसाठी किती वेळ थांबायचं, तिथे तू नव्वद सेकंद लिहिलेत. चष्मेवाला म्हणतो, तीस पुरे झाले. मॅनेजरबाई म्हणतात, तो म्हणतो तसं करा. मी म्हटलं, तिनं नव्वद ठेवलेत तर काहीतरी बघून ठेवले असतील, तिला विचारल्याशिवाय त्या ओळीला कुणी हात लावायचा नाही. निळी वही पहिल्या पानापासून शोधली, त्यात कारण नाही. मला ते माहीत नाही, त्याला नाही, समितीत कुणालाच नाही. ते तुला एकटीलाच येतं. म्हणून डॉक्टरीणबाईंचं ऐकलं नाही, त्यांची मी वेगळी माफी मागेन. सोबत पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं कार्ड आहे. एक ओळ लिहिलीस तरी पुष्कळ. पुढच्या सोमवारपर्यंत मी सगळ्यांना थोपवून धरलंय, तेव्हा नव्वद का ते उलट टपाली कळव.

तुझीच,
आई