खांबावर माणूस होता

१४ ऑगस्ट, गुरुवार
आज पुन्हा लाइट गेली. यांचं ऑक्सिजनचं मशिन बंद! धडपडत सिलिंडर लावला. "वासंती, घाई नको," हे म्हणाले. तेवढं बोलतानाही धाप. न्यूमोनिया गेला, धाप राहिली. आणि विश्रांतवाडीत रस्ता खणून ठेवलाय — म्हणजे हे आता रोजचंच.

१६ ऑगस्ट, शनिवार
केयूर हिंजवडीहून येताना छोटा जनरेटर घेऊन आला. अंगणात ठेवला. आणि जोडला कसा? वायरीच्या दोन्ही टोकांना पिना — एक जनरेटरमध्ये, दुसरी हॉलच्या सॉकेटमध्ये! "सगळं घर चालेल, आई."
"आणि मेन स्विच चालू राहिला तर? वीज उलटी बाहेर तारांत जाईल."
"आधी बंद करायचा. एवढं काय त्यात!"
मुलगा इंजिनिअर झाला की आईचं शिक्षण संपतं. मला मात्र चैन नाही.

१७ ऑगस्ट, रविवार
लाइट गेली. केयूरने जनरेटर लावला, मशिन सुरू. मी सहज खिडकीशी गेले — समोरच्या खांबावर लाइनमन चढत होता. मेनकडे पाहिलं. चालू!!
धावत जाऊन जनरेटर बंद केला. आत मशिन थांबलं. "आई, बाबांचा श्वास!" केयूर ओरडला. "सिलिंडर लाव!" मी त्याच्याहून मोठ्यांदा.
लावला त्याने. यांचे ओठ काळसर पडले होते, हळूहळू रंग आला. केयूर मेनजवळ नुसता उभा. "मी बंद केला होता, असंच वाटलं..."
लाइनमनने खाली उतरून पाणी मागितलं. केयूरने नेऊन दिलं. पण त्या माणसाकडे बघवेना त्याला.

१८ ऑगस्ट
केयूरने ती वायर कापून टाकली. जेवलाही नाही.

२१ ऑगस्ट, गुरुवार
परवाना असलेल्या कंत्राटदाराकडून चेंजओव्हर स्विच बसवून घेतला. खटका वर — बाहेरची वीज. खाली — जनरेटरची. दोन्ही एकदम होतच नाही. लक्षात ठेवायची भानगडच मिटली! जनरेटरही खिडक्यांपासून लांब नेला, धूर आत नको.
केयूरने खटका पुन्हा पुन्हा फिरवून पाहिला. जाताना विचारतो, "आई, जमेल ना तुला?"
"तुझ्यापेक्षा बरं."
हसला एकदाचा!

३१ ऑगस्ट, रविवार
लाइट गेली. मी उठले, तर यांनी हात धरला. "थांब. धाप कमी झालीय. डॉक्टर म्हणालेत ना, अधूनमधून ऑक्सिजनची नळी काढून बघा? आज बघू." बोटाला ऑक्सिमीटर लावून गप्पा मारत बसलो; आकडा काही खाली येईना. लाइट आली, मशिन घरघरलं, तेव्हा दोघंही दचकलो — अर्धी दुपार नळीशिवाय गेली होती!