चौकटीगणिक एक मागणं

सुराबाया, ४ फेब्रुवारी

ती. थोरली बहीण म्बाक नींग हिला सा. न. वि. वि.

बसवाल्याकडून तुझं पत्र आणि केळ्याचे वेफर पोचले. लग्न तोंडावर आलेल्या मुलीने असं खाऊ नये, असं आमच्या किनासिहला तिची आई म्हणाली, तर तिने डब्यातला चुराही घशात पालथा केला. तुझीच भाची, दुसरं काय.

पत्र वाचण्याआधी तुझं अक्षर वाचलं. मागच्या खेपेपेक्षा जास्त थरथरलंय. कागदावर अक्षर दिसलं की माणूस दिसतो असं आई म्हणायची, म्हणून तर खिशात फोन असून आपण दोघं अजून कागद खरडतो. मला तू दिसलीस आणि काळजी वाटली.

पण बातमी चांगली आहे. तुमच्या गल्लीतल्या सगळ्या टॅबलेटना याच आठवड्यात मोठं अपडेट येतंय. किरकोळ डागडुजी नव्हे, आतून सगळं नवं. हात हलला तरी रेघ आपोआप सरळ होणार, आणि नक्षीची एक चौकट काढली की बाकीच्या तशाच भरून मिळणार. तुझ्या हातून मेणाची लेखणी सुटली तेव्हा मी टॅबलेट आणून दिला, तर या वयात मला पाटी आणलीस का, असं विचारलं होतंस. आता सगळी गल्ली त्याच पाटीवर बाटिकची, म्हणजे कापडावर मेणाने काढायच्या नक्षीची, चित्रं गिरवते. तेव्हा ऐक. लग्न ईदनंतर तिसऱ्या आठवड्यात आहे, आणि नवरीचं कापड तुझ्या हातचं हे तर आपल्या घरात ठरलेलंच. अपडेट घे आणि हाताला जरा आराम दे.

लोभ आहेच. वेफरही असू द्यावेत.

तुझा,
प्रसोजो

इमोगिरी, ११ फेब्रुवारी

चि. प्रसोजो यास अ. उ. आ.

अक्षर थरथरतं, पण तुला वाचता आलं ना? मग झालं तर.

तुझ्या अपडेटने इथे निवडणुकीसारखा धुरळा उडवलाय. आजची भिशी बू वार्सिनीकडे होती. गोड चहा, तळलेलं सोयाबीनचं टेंपे, आणि तोंडी लावायला अपडेट. बू तुमिराला वाटतं की आता अक्षरं मोठी होतील आणि चष्मा घ्यायला नको. बू एंदांगचा टॅबलेट भर दुपारी मान टाकतो, तो संध्याकाळपर्यंत तरी तग धरेल अशी तिला आशा. वार्सिनीचं तर विचारूच नकोस. तिला रंगसुद्धा आपोआप भरून हवेत, म्हणजे हिने नुसत्या जांभया द्यायच्या. उलट बू सुपाद्मीच्या जावेच्या टॅबलेटने मागल्या खेपेला नातवाचे सगळे फोटो गिळले, म्हणून ती टॅबलेट पोटाशी धरून बसली होती. आधी कोणी करायचं इथे घोडं अडलं. जी ती दुसरीला म्हणे, आधी तू.

मी आपलं गमतीने म्हटलं, भिशीची बाटली हलवा, जिच्या नावाची चिठ्ठी पडेल तिने करायचं आणि बाकीच्यांनी बघायचं. माझीच जीभ आणि नावही माझंच पडलं. बाटलीतून पडलेली चिठ्ठी परत आत जात नाही, हा आपल्या गल्लीचा कायदा. तो मोडला तर दारात कोण उभं करेल?

पण मी बजावून सांगितलंय की किनासिहच्या कापडाचं चित्र पुरं झाल्याशिवाय मी बोट लावणार नाही. आईची पद्धत तुला ठाऊक नसेल, तुला कोण शेजारी बसवत होतं. लग्नाच्या कापडात चौकटीगणिक एक मागणं असतं. चौकट काढताना ते मनात म्हणायचं, आणि एकदा मागितलेलं पुन्हा मागायचं नाही. म्हणून एक चौकट दुसरीसारखी नसते. पहिलीत मी मागितलं, सासूशी पटू दे. ते जमलं की निम्मा संसार जमला. मग भरलेलं पातेलं, मग मूलबाळ, मग न घोरणारा नवरा. अर्ध्यावर आले आहे. रोज सकाळी टॅबलेट विचारतो की आता करू का, आणि मी 'नंतर' दाबते. थकेल बिचारा.

सगळ्यांना आशीर्वाद. लोभ असावा, पण सल्ले थोडे कमी असावेत.

तुझी बहीण,
नींग

सुराबाया, १८ फेब्रुवारी

ती. म्बाकला सा. न. वि. वि.

बाटलीने माझी बाजू घेतली हे वाचून दुकानात एकटाच हसलो. गिऱ्हाईकाला वाटलं, माझं काही खरं नाही.

अगं, चित्र कुठे पळून जातंय? तुझा टॅबलेट मी माझ्या दुकानातल्या मशीनला जोडून ठेवलाय. तू तिकडे काढलंस की इकडे मला दिसतं. तू ज्याला नाक मुरडून छापखाना म्हणतेस, तो कापड छापायचा धंदाही शेवटी नक्षीवरच चालतो. नक्षीची काळजी मलाही आहे, आणि त्याहून जास्त तुझ्या हाताची. डॉक्टरने काय सांगितलं ते तू तीन पत्रांत लिहिलं नाहीस. सगळी गल्ली तुझ्या तोंडाकडे बघत थांबली असेल. हट्ट सोड आणि दाब ते बटण.

तुझ्या आशीर्वादाचा आणि दोन शिव्यांचा वाटेकरी,
प्रसोजो

इमोगिरी, २६ फेब्रुवारी

चि. प्रसोजो यास अ. उ. आ.

दाबलं. आता निवांत बसून वाच.

काल भिशी माझ्याकडे होती. पहाटेपासून फणसाचं गुदेग शिजवलं. बायका जेवल्या, आणि वार्सिनी सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली की बाटलीची युक्ती काढणारेच बाटलीमागे लपतात. डोकं फिरलं माझं. सगळ्यांसमोर टॅबलेट मांडीवर घेतला आणि दाबलं बटण. पडदा काळा झाला. सगळ्या बायका माझ्या खांद्यावरून पडद्यात डोकावल्या. मग उजेड आला आणि टाळ्या पडल्या.

मी कापडाचं चित्र उघडलं. टॅबलेटने काहीतरी विचारलं. मी चष्मा शोधतेय तोवर वार्सिनीने मदत म्हणून 'हो' वर बोट ठेवलं. प्रसोजो, माझ्या डोळ्यांदेखत सगळ्या रेघा ताठ झाल्या. पंख, फुलपाखरं, सगळी शाळेतल्या पोरांसारखी ओळीत उभी. आणि पहिल्या चौकटीच्या नकला सगळ्या चौकटींत जाऊन बसल्या. बायका म्हणाल्या, काय सुरेख! मला मात्र वाचता येत होतं ना. वरपासून खालपर्यंत सासूशी पटू दे, सासूशी पटू दे. अरे, हे पोरीचं लग्न आहे की सासूची पूजा?

मागे जायची वाट आम्हाला कोणालाच सापडली नाही. मी काय ते सांगितल्यावर वार्सिनी रडायला लागली, तर मीच तिला पुन्हा गुदेग वाढलं. बाकीच्यांनी तिथल्या तिथे आपापले टॅबलेट काढले आणि एका दमात 'नंतर' दाबलं. यापुढे प्रत्येक भिशीला जेवणाआधी तसंच दाबायचं, असं ठरलंय.

तुझ्या मशीनमध्ये चित्र दिसतं म्हणालास. तिथलं जुनं चित्र जिवापाड जप आणि लगेच कळव. माझा सगळा जीव त्यात अडकलाय.

नींग

सुराबाया, २७ फेब्रुवारी

ती. म्बाकला सा. न. वि. वि.

तुझं पत्र अजून आलं नाही, पण चित्र आलं! परवा दुकानात पडदा लावला आणि बघतच राहिलो. जुन्या अर्धवट चित्राच्या जागी हे पुरं झालेलं चित्र आपोआप येऊन बसलं होतं. एक रेघ वाकडी नाही. दोन वर्षांपूर्वीचा तुझा हात परत आला असं वाटलं, आणि खोटं कशाला सांगू, डोळे भरून आले.

तुझे पुढचे कष्ट वाचावे म्हणून मी ते उत्तम सुती कापडावर छापूनही टाकलं. रंग असे चढलेत की सांगता सोय नाही. आता मेण नको, रंगाची पिंपं नकोत, धुणं नको. तू फक्त लग्नाला ये आणि पुढच्या खुर्चीत बस. म्हणालो होतो ना?

तुझा आनंदात असलेला,
प्रसोजो

इमोगिरी, ४ मार्च

प्रसोजो यास आशीर्वाद. आज एवढाच.

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. माझं आता पोचलं असेल. तेव्हा तू काय छापलंस ते तुला कळलं असेल.

ते कापड माझ्या पोरीच्या अंगाला लागता कामा नये. टेबलावर घाल, खिडकीला लाव, दुकानाची पाटी झाक. आणि मशीनमध्ये एक बटण आहे, ते बंद केलं की रेघा सरळ होत नाहीत, हे मला फोनवर सांगू नकोस. माझा हात कुठल्या बटणाखाली लपवलाय ते शोधत बसायला मला वेळ नाही.

दोन वर्षांपूर्वीचा माझा हात परत आला म्हणतोस. तो गेला. आता आहे तो हा आहे. डॉक्टर म्हणाला की हा थांबणार नाही, वाढत जाईल. झालं तुझं समाधान? म्हणून तर हे कापड मला करायचंय. यानंतरचं जमेल की नाही ठाऊक नाही. उद्यापासून सरळ कापडावर मेणाची लेखणी घेऊन बसते. रेघ थरथरेल, मेणाचे थेंब सांडतील. सांडू देत. माझी रेघ वाकडी असेल, पण ती बोलेल.

लोभ आहे. तो रागातही असतो.

नींग

सुराबाया, १० मार्च

प्रिय आत्याला, माझ्या बुदेला, सा. न. वि. वि.

बाबा लिहीत नाहीयेत, म्हणून मी लिहिते. ते रागावलेले नाहीत. तुझ्या डॉक्टरचं वाचल्यापासून दुकानात उगाच पुसलेलंच परत पुसत असतात.

छापलेलं कापड मी नेसून पाहिलं. आरशात छान दिसलं, अगदी जाहिरातीतली नवरी. मग मला आठवलं, लहानपणी तू आईच्या लग्नाच्या कापडावर माझं बोट धरून एकेक चौकट वाचून दाखवायचीस. ही भाताची, ही पावसात न गळणाऱ्या छपराची, आणि ही माझी, म्हणजे मूल होऊ दे ती. मी ती रोज शोधायचे आणि रोज सापडायची. या कापडावर बोट फिरवलं तर सगळीकडे तेच. घडी घालून बाबांना परत दिलं.

बुदे, माझी सासू चांगली बाई आहे. तिच्यासाठी एक चौकट पुष्कळ झाली. मी अर्धवट कापड नेसेन, डागांचं नेसेन, पण तुझंच नेसेन. इकडच्या मावश्यांना काय बोलायचं ते बोलू दे, मी ऐकणारी नाही.

तुझी,
किनासिह

इमोगिरी, ३१ मार्च

चि. प्रसोजो यास अ. उ. आ.

महिना झाला, तुझं पत्र नाही. मी कडक लिहिलं, मला ठाऊक आहे. परत घेणार नाही, पण तुझी आठवण येते.

रोजे सुरू आहेत. गल्लीतल्या बायका रोज दुपारी माझ्या ओसरीवर येतात. घसा कोरडा, म्हणून कधी नव्हे ती गल्ली शांत असते. अर्ध्याहून जास्त चौकटी मी केल्या. मग हात इतका हलायला लागला की मेण माझ्याच पायावर पडलं. मी लेखणी आपटली आणि ओरडले, अगदी आपल्या बापासारखी. तेव्हा वार्सिनीने भिशीची बाटली आणून हलवली. जिचं नाव पडेल तिने पुढची चौकट काढायची, स्वतःच्या हाताने, स्वतःचं मागणं घालून. एंदांगने मागितलं, नवरा स्वतःचं ताट स्वतः उचलू दे. तुमिराने डोळे मागितले. वार्सिनी बराच वेळ लेखणी धरून बसली आणि मग तिने मागितलं, पोरीला माझ्यासारखी घाई नको. मी पुन्हा हसले, तेव्हा सगळ्या हसल्या.

आता कापडात एकच चौकट कोरी आहे, पदराकडची. त्यासाठी चिठ्ठी टाकून तुझं नाव काढलं. बाटलीत फक्त तुझीच चिठ्ठी होती, पण पडलेली चिठ्ठी परत जात नाही हा कायदा तुलाही लागू आहे. तू बाप आहेस. ये आणि काढ. मेण मी तापवून ठेवते. तू येईपर्यंत कापड रंगात बुडणार नाही, मग लग्नात नवरी पांढऱ्या कापडात उभी राहिली तरी चालेल.

वाट बघते. लोभ नाही वाढवलास तरी चालेल, पण तू स्वतः ये.

तुझी,
नींग

सुराबाया, ५ मे

ती. म्बाकला सा. न. वि. वि.

लग्नाचा शीण उतरला आणि आज लिहायला बसलो. तुझ्यासमोर बोलता आलं नाही ते कागदावर जमतं.

त्या दिवशी तुझ्या ओसरीवर लेखणी हातात घेतली, तेव्हा मला वाटलं होतं की दोन मिनिटांचं काम. माझा हात धडधाकट. आयुष्यभर नक्षी विकली आहे. आणि गल्लीतल्या सगळ्या बायकांसमोर तो असा थरथरला, की तुझा परवडला. तू माझं मनगट धरलं नाहीस. मी तुझ्याकडे पाहिलं तर तू मुद्दाम चुलीकडे बघत होतीस. मेणाचा थेंब पडला, तो पुसता येत नाही, मी पुसलाही नसता. डॉक्टरचं वाचल्यापासून मला तुझी प्रत्येक रेघ सरळ करायची होती. त्या दिवशी कळलं, त्या सरळ करण्यात तूच पुसली जात होतीस.

तू पुढच्या खुर्चीत होतीस, म्हणून तुला दिसलं नसेल. मांडवात जाण्याआधी किनासिह आतल्या खोलीत एकटी उभी होती. कापडावर बोट फिरवत होती, लहानपणी फिरवायची तसं. सासूची चौकट सापडली तेव्हा हसली. पदराकडे आली आणि बोट थांबलं. मी दारात होतो. ही कोणाची, असं तिने विचारलं नाही. सगळ्यात वाकडी तीच होती. तिने बोट तसंच ठेवून माझ्याकडे पाहिलं. मी काय मागितलं होतं ते तिला मग सांगावं लागलं नाही. गाडीत बसताना त्या मागण्याचं उत्तर तिने आपणहून दिलं, की दर ईदला येईन, आणि आधी इमोगिरीला येईन.

आज सकाळी दुकानातल्या मशीनने विचारलं, नवं अपडेट आलंय, आता करू का. मी 'नंतर' दाबलं. भिशीत माझंही नाव लिहून ठेव.

थरथरत्या हाताचा तुझा भाऊ,
प्रसोजो