टर्बाइनवाल्यानं गाडीत तेल टाकलं, त्याची हकीकत

प्रिय गोपाळराव यांस,

कोराडीहून तुमच्या भाऊजीचा सप्रेम जय भीम.

इकडे आम्ही दोघंही बरे आहोत. माझा गुडघा सोडला तर तक्रार नाही. पुण्यात तुमचं बीपी कसं आहे? गोळी घ्या, मग पुढचं वाचा. फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही मधातच हसता आणि मले राग येते.

तर, गाडी. लेकाकडे पुण्याले जाताना तुम्ही तुमची सत्तावीस वर्षांची लाल गाडी आमच्या अंगणात लावून गेले आणि एकच मागणं केलं: आमची पायल जन्मली तेव्हा जिच्यात बसवून तिले दवाखान्यातून घरी आणलं, त्याच गाडीतून तिची पाठवणी व्हावी. मी छातीवर हात ठेवून हो म्हटलं. (तुमच्या ताईनं, सिंधूनं, यंदा साठीत गाडीचं लायसन काढलं. त्याबद्दल मी काही बोलत नाही.)

लग्न एकोणीस तारखेले, म्हणून महिनाभर आधी म्हटलं, इंजिनाचं तेल बदलून घेऊ. आता तेलाबद्दल मी कोणाले विचारू? छत्तीस वर्षं कोराडीच्या वीज केंद्रात टर्बाइनच्या तेलात काढली (साहेब लोक मले विचारून मग सही करत). सिंधू म्हणाली, गाडीचं पुस्तक पहा. मी म्हटलं, पुस्तक नव्या माणसासाठी असते. माझं गणित सरळ होतं: इंजिन म्हातारं, आतून झिजलेलं, म्हणजे तेल जाडं पाहिजे. दुकानदार ताराचंद बिचारा गाडी कोणती ते विचारून राहिला होता, तर मी त्याले अर्धा तास टर्बाइन समजावून सगळ्यात जाडं तेल घेऊन आलो. पहिल्याच थंडीच्या सकाळी चावी फिरवली, तर गाडी नुसती कण्हली. तेल आत काकवीसारखं बसलं होतं. बॅटरी संपली. शेजारचे चार जण ढकलायले आले आणि चार सल्ले देऊन गेले.

मग मी चिडून दुसऱ्या टोकाले गेलो. नव्या गाड्यांचं, सगळ्यात पातळ आणि सगळ्यात महाग तेल आणलं. गाडी एका चावीत सुरू! मी हात हलवत कॉलनीत चक्कर मारली. लोकंही हात हलवत होते, पण ते मागचा निळा धूर दाखवत होते. कोणीतरी म्हणालं, कोराडीची चिमणी फिरायले निघाली काय. झिजलेल्या इंजिनात ते पाण्यासारखं तेल जळूनही राहिलं होतं आणि खालून झिरपूनही राहिलं होतं. सकाळी अंगणात एवढं थारोळं, की सिंधूनं कणकेची परात गाडीखाली लावली आणि कणीक आठ दिवस भाताच्या गंजात भिजवली. लग्न दहा दिवसांवर आलेलं. खरं सांगतो गोपाळराव, मले जेवण जात नव्हतं. तुम्ही इतक्या वर्षांत एकच गोष्ट मागितली आणि मी तीच बिघडवून बसलो.

शेवटी सिंधू उठली. आमच्या घरचं एकही पुस्तक रद्दीत जात नाही, हे तुम्हाले माहीतच आहे. गाडीचं पुस्तकही खाकी कव्हर घालून काचेच्या कपाटात, मोठमोठ्या ग्रंथांच्या ओळीत उभं होतं. तिनं चष्मा लावला आणि बेचाळिसावं पान उघडलं. वीस-चाळीस नंबरचं तेल. जाडं नाही, पातळ नाही, साधं. ताराचंदनं पहिल्याच दिवशी तोच डबा काढून ठेवला होता. तो आणला, टाकला. गाडी सुरू झाली, धूर नाही, आणि दुसऱ्या सकाळी परात कोरडी. बिनधास्त या.

तुमचा,
देवाजी

ता.क. त्याच पानावर पेन्सिलनं, तुमच्या अक्षरात, लिहून आहे: "भाऊजी जाडं टाका म्हणतील. ऐकू नये." सिंधूनं ते शेजाऱ्यांपुढं दोनदा वाचलं. लग्नातही पुस्तक बाहेर निघणार, मी तिले ओळखतो. पत्राचं खरं कारण हेच. येताना पेन आणा आणि खाली एक ओळ वाढवा, की टर्बाइनच्या बाबतीत मात्र भाऊजीलेच विचारावं.

ता.क. २ (हे मी, तुझी ताई) : पत्र टाकायले माझ्याजवळ दिलं, म्हणून वाचलं. गोपाळ, हे सकाळपासून पाच वेळा गाडी सुरू करून आले. चहा घेऊन गेली, तर मागच्या सीटवर, पायल बसणार तिथं, बसून रडून राहिले होते. म्हणे, तेलाचा वास डोळ्यात गेला. ओळ जरूर वाढव गा, पण पहिली खोडू नको. अन् त्यांना आताच सांगू नको, त्या दिवशी गाडी मी चालवणार आहे.