निळा डबा

सोमवार, ६ ऑक्टोबर २०२५

नेट झोपलंय. नागपूरहून दसरा करून परत आले आणि पहिल्याच दिवशी हे. पंपाच्या झाकणाचं ड्रॉइंग सर्व्हरवरून उघडायला नऊ मिनिटं! कॉफी पिऊन आले, कप धुऊन आले, तरी हिरवी पट्टी अर्ध्यावरच.

रघुनंदन सर केबिनमधून म्हणाले, "सुखदा, स्वल्प बघ की गं." सरांच्या तीन पिढ्या इथे कानडी मुलखात गेल्या, त्यामुळे त्यांच्या मराठीत 'जरा'चं हे असं 'स्वल्प' होतंच. पण मी बघायचं म्हणजे काय? मी ड्रॉइंग काढणारी बाई. चार वर्षांपूर्वी अडकलेला प्रिंटर सुरू करून दिला, हीच माझी चूक. तेव्हापासून ऑफिसची सगळी यंत्रं माझ्या गळ्यात. राजाजीनगरात पहिल्या मजल्यावर आठ माणसांचं ऑफिस, कारखान्यांना ड्रॉइंग करून देणारं. वेगळा माणूस कोण ठेवणार!

आयुधपूजेचे झेंडू अजून मॉनिटरवर वाळत पडलेत. माझ्या कीबोर्डला कुंकू. पुसायचा कंटाळा आला.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

इंटरनेटवाल्यांचा माणूस आला. त्याच्या डब्याला त्याचाच लॅपटॉप लावला, स्पीड दाखवला. झकास होता. "मॅडम, बाहर सब ठीक है. प्रॉब्लेम आपके अंदर है." सही घेतली आणि गेला.

म्हणजे दोष ऑफिसातच. सगळे कॉम्प्युटर बंद करून चालू केले. काही फरक नाही. पाठ दुखतेय.

बुधवार, ८ ऑक्टोबर

आज एकेकाला मशीन बंद करायला लावलं. सगळ्यांची तोंडं वाकडी. अवधूतचं बंद केल्यावर माझी फाइल जरा लवकर उघडली. नऊची सात मिनिटं झाली. त्याच्या मशीनवर पाहिलं, तर तो दुपारी सगळ्या ड्रॉइंगची कॉपी काढत होता.

अवधूत अमरावतीचा. जुलैत लागला, अजून प्रोबेशनवर आहे, १७ तारखेला संपतं. सर्जापूर रोडला चुलतभावाकडे राहतो, यायलाच दोन तास घालवतो, तरी कधी उशीर नाही. म्हणाला, "मॅम, मी फक्त बॅकअप घेतो. तेही जेवणाच्या सुट्टीत. आधीच्या ठिकाणी माझं आठवड्याचं काम उडालं होतं ना."

मला पटलं. तरीही सरांना जाऊन सांगितलं की अवधूतमुळे होत असावं. का सांगितलं? त्यांनी पाचव्यांदा विचारलं होतं, आणि काहीतरी उत्तर देऊन मला घरी जायचं होतं.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

यशवंतपूरच्या पंप कारखान्याला ड्रॉइंग पुन्हा उशिरा गेलं. त्यांचा फोन आला. निम्मं काम आता दुसरीकडे देणार म्हणे. सर बाहेर येऊन सगळ्यांसमोर बोलले. अवधूतची वायर काढायला लावली. मग मला आत बोलावून हळूच, "प्रोबेशनवरच आहे ना तो? सरी, ठीक आहे. सतराला सांगून टाकू."

मी "बरं" म्हणाले.

वायर काढल्यावर किंचित बरं चालतंय. बरं चालतंय असं मला वाटतंय.

सोमवार, १३ ऑक्टोबर

बरं चाललेलं नाही. आठ मिनिटं.

अवधूत पेन ड्राइव्ह घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो. कुरकुर नाही. माझी फाइल न्यायला आला की विचारतो, "मॅम, अजून स्लो आहे का?" त्याला खरंच काळजी आहे, टोमणा नाही. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

डोकं ठणकतंय. आज काही बघितलं नाही.

बुधवार, १५ ऑक्टोबर

दुपारी सर कारखान्यात गेले होते. कपाट ओढलं आणि मागे जमिनीवर बसून एकेक वायर हाताने धरत गेले. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. सगळ्या टेबलांच्या वायरी एका निळ्या डब्यात जात होत्या. आमचा वायरी जोडायचा डबा, म्हणजे स्विच, काळा आहे, दोन वर्षांपूर्वी मीच आणलेला. तो मागे, केळीच्या वाळक्या पानाखाली, त्याला फक्त सर्व्हर आणि बाहेरचं नेट, आणि दोघांमध्ये एकच वायर. निळ्याला हळद-कुंकू, अक्षता चिकटलेल्या.

शिवलीला अक्कांना विचारलं. अक्का ऑफिस उघडल्यापासून इथे आहेत, कॉफी आणि पूजा त्यांच्याकडे. म्हणाल्या, "सरांचं पहिलं यंत्र की ते. वीस वरसं झाली. दर साली पूजेला काढते, मग परत कपाटात ठेवते."

"मग यंदा का नाही ठेवलं?"

"तुम्हीच म्हटलात न्हवं, अक्का राहू दे, मी जोडते सगळं. तुमची गाडी होती की."

होती. पूजेच्या दिवशी दुपारची, नागपूरला जायची, यशवंतपूर स्टेशनवरून. पुसायला म्हणून अक्कांनी सगळ्या वायरी काढल्या होत्या, आणि गाडी चुकेल म्हणून मी भराभरा जोडत सुटले. निळा डबा पुढे होता, पुसून लख्ख, हार घातलेला. आठ भोकं याला, आठ त्याला. जोडल्यावर नेट येईना, म्हणून दोन्हींमध्ये एक वायर टाकली. नेट आलं. मी स्वतःवर खूश होऊन रिक्षात बसले. वीस वर्षांपूर्वीच्या डब्यातून आठवडाभर अख्ख्या ऑफिसचं काम मी ढकलत होते! एखादं मशीन बंद झालं की बाकीच्यांना थोडी वाट मिळायची, इतकंच. त्या दिवशी अवधूतऐवजी दुसऱ्या कुणाचं बंद असतं तर त्याचं नाव गेलं असतं.

दहा मिनिटांत सगळं काळ्यात घातलं. ड्रॉइंग चार सेकंदांत उघडलं. सगळे खूश. तेवढ्यात सर आले, स्क्रीन पाहून म्हणाले, "सुटलं? त्या मुलानं काय भरून ठेवलं होतं ते काढलंस वाटतं."

अवधूत तिथेच उभा होता, हातात पेन ड्राइव्ह. अक्का ट्रे घेऊन दारात.

मी "हं" म्हणाले.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

सांगितलं नाही. केबिनपर्यंत दोनदा गेले. एकदा सर फोनवर होते, दुसऱ्यांदा नव्हते. एकोणीस वर्षं नोकरी करून मी एवढी भित्री कशी राहिले? लाज वाटते. निळा डबा माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. ड्रॉवर उघडायचं टाळतेय, स्केल लागली तर शेजारच्याची मागते.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

साडेअकराला सरांनी अवधूतला आत बोलावलं. पाच मिनिटं लागली. मी इथे खुर्चीवर बसूनच राहिले.

तो बाहेर आला, बॅग भरली. माझ्याजवळ येऊन म्हणाला, "मॅम, मला खरंच माहीत नव्हतं बॅकअपनं असं होतं. सॉरी." त्यानं मला सॉरी म्हणावं!

शनिवार, १८ ऑक्टोबर

सकाळी डबा सरांच्या टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. आयुधपूजा, गाडी, वायरी, सगळं.

सरांनी डबा उचलून पाहिला. म्हणाले, "ठाऊक आहे. अक्कानं बुधवारीच सांगितलं, संध्याकाळच्या कॉफीला. अगं, निम्मं काम गेलं, एकाला कमी करायचंच होतं. कुणाला ते ठरत नव्हतं. तू नाव दिलंस." मग अक्कांना हाक मारून डबा कपाटात ठेवायला दिला.

बाहेर येऊन जिन्यात उभी राहिले आणि अवधूतला फोन लावला. म्हटलं, चूक माझी होती, तुझी काहीच नव्हती.

त्याचा आवाज एकदम हलका झाला.

"मग मी दिवाळी झाल्यावर येऊ का, मॅम?"