मधल्या वाफ्यातला कोबी

३ तारीख, मंगळवार

सहा क्रेट परत आले. दुकानदार फोनवर म्हणाला, "वहिनी, गिऱ्हाइकांना औषध नको. पण भोकंही नकोत!" मग हवं तरी काय? गड्डे बाहेरून चाळणी, आत पांढरेशुभ्र. वरची दोन पानं काढा आणि खा. तेवढंही कुणाच्यानं होत नाही.

६ तारीख

सेंद्रियच्या प्रमाणपत्रासाठी लागणारी बिनऔषधाची तीन वर्षं या महिन्यात पुरी होतात. वीस तारखेला तपासनीस येणार. नमुना स्वच्छ निघाला तर दुकानदार दीडपट भाव देणार — लेखी. औषधाचा अंश सापडला तर पुन्हा पहिल्या वर्षापासून.

माझ्यात आणखी तीन वर्षं उरलेली नाहीत. हे कुणाला सांगितलेलं नाही.

७ तारीख

अळ्या वेचायला येणाऱ्या दोघींना आजपासून नको म्हटलं. त्यांची मजुरी कोबीच्या भावात बसत नाही. नाकापेक्षा मोती जड. थोरली जाताना म्हणाली, "वाकून वेचू नकोस, बसून वेच. कंबर राहील."

९ तारीख

सकाळी उजाडल्यापासून दहापर्यंत बसून वेचल्या. कंबर राहिली, गुडघे गेले. बोटं फुटलीत. त्यात फवारणीसाठी लसूण-मिरचीचा अर्क हातानं कालवायचा — भेगांत आग!

जेवताना हे म्हणाले, "तुझा कोबी माझ्या पगारावर जगतो, बरं का." हसत म्हणाले. खोटंही नाही. सासरे, म्हणजे बाबा, हसले नाहीत. मी त्यांना मीठ वाढायला गेले तर त्यांनी माझा हात बाजूला केला. "राहू दे पोरी, मी घेतो."

१३ तारीख

मधल्या वाफ्यात एकही अळी नाही! तीनदा पाहिलं. पानं उलटून पाहिली. बांधाकडे अजून आहेत, पण मधला वाफा साफ. अर्क लागू पडला म्हणायचा. तीन वर्षांनी का होईना.

बाबांना हाक मारून दाखवलं. "हं," म्हणाले, आणि चपला झटकत निघून गेले. कौतुक करतील तर शपथ!

१६ तारीख

नुसतं दमायला झालं. निजले.

२० तारीख, शुक्रवार

तपासनीस आला. तरुण, घाईतला. बांधाजवळचाच गड्डा कापायला वाकला. मी थांबवलं. बांधापलीकडे शेजारी औषध मारतो, वारा आमच्याकडे येतो. त्याच्या पापानं माझी तीन वर्षं का जावीत?

"ताई, मला कुठलाही चालेल. तुम्ही दाखवा."

त्याला मधल्या वाफ्यात नेलं. सगळ्यांत देखणा गड्डा मीच निवडला, मीच कापला. बाबा बांधावरून ओरडत होते, "अगं, इकडचा दे! इकडचा!" मी हातानंच गप्प केलं. त्यांना यातलं काय कळतंय! पिशवीला सील लागलं. खाली माझी सही.

बऱ्याच दिवसांनी चहा निवांत प्यायले.

२१ तारीख

बाबा कालपासून जेवलेले नाहीत. आज शेडमागे सापडले — शेजाऱ्याचा फवारणीचा पंप धूत होते. मला बघून हात थांबला.

"मधल्याच वाफ्यात मारलं होतं गं. दोनदा. तुझी बोटं बघवत नव्हती."