क्षमता वाढली, जीप तीच

५ जानेवारी १९९४

आमची क्षमता वाढवायला माणूस आलं! परदेशातल्या मिशनची स्वयंसेविका. वय माझ्या धाकट्या बहिणीएवढं, पाठीवरची बॅग तिच्याहून मोठी. नाव असं की जिभेला गाठ पडावी. आमच्या दवाखान्यातल्या सुईण आवडाबाई म्हणाल्या, "आपुन सरूबाई म्हनू. व्हय का नाय?" झालं बारसं.

पूर्वी परदेशातून मदत पाठवणाऱ्यांना 'दाते' म्हणायचो. आता 'भागीदार' म्हणायचं, असं आमच्या संस्थेचे अध्यक्ष काकासाहेब सांगतात. भागीदारी अशी, की सल्ला त्यांचा आणि धूळ आमची.

१७ जानेवारी

शहागंजच्या ऑफिसात वर्कशॉप. दवाखाना सिल्लोडच्या पुढं खेड्यात, म्हणून सगळ्यांना जीपमध्ये कोंबून औरंगाबादला आणलं. चौक्याच्या घाटात जीप बसली. उतरून ढकलली. खरी क्षमता तिथंच वाढली!

सरूबाईचा विषय — 'आपली गरज आपण मांडा.' एकेकानं उभं राहून मोठ्यानं सांगायचं, मला काय हवं. ड्रायव्हर बद्रीनाथ उठला, टोपी काढली. "समदं बेस हाय, म्याडम." आवडाबाई — "तुमी आलात, लई झालं." काकासाहेब — "आपले आशीर्वाद असू द्यावेत." मी नर्स, त्यातून तोंडाळ म्हणून प्रसिद्ध. मी आणखी चार्ट पेपर मागितले!

सरूबाई मार्कर उघडा धरून बसली होती. कागद कोराच.

काय हवं ते शेंबडं पोरही सांगेल. जीप! बाळंतपण अडलं की औरंगाबादला न्यायला दुसरं काही नाही, आणि हिचा गिअरबॉक्स कधी दगा देईल नेम नाही. पण पाहुण्यांपुढं घरचं उणं काढायचं? साखर संपली तर आपण शेजारून वाटी आणतो, बिनसाखरेचा चहा पुढं करत नाही.

२ फेब्रुवारी

सरूबाई जीपखाली! बद्रीनाथबरोबर. ग्रीसनं माखून बाहेर आली आणि विचारलं, "ही किती दिवस चालणार?"

"देवाची मर्जी," बद्रीनाथ म्हणाला. आम्ही सगळे हसलो. ती नाही. या लोकांना गंमत कळत नाही.

९ फेब्रुवारी

जीप पहिल्या किल्लीला चालू झाली. सणच म्हणायचा.

२० फेब्रुवारी

परदेशातून मोठे साहेब पाहणीला येताहेत. एकाएकी! कशासाठी, कुणास ठाऊक. काकासाहेबांचं फर्मान — "पाहुण्यांसमोर रडगाणं नको. संस्थेच्या इज्जतीचा सवाल आहे."

२८ फेब्रुवारी

साहेब येऊन गेले. काय तो थाट! बद्रीनाथनं जीपला रंग मारलेला, पुढं झेंडूचा हार. इंजिन सकाळपासून चालूच ठेवलं — बंद केलं तर परत सुरू होईल याचा भरवसा कुणाला? साहेबांनी बॉनेटवर थाप मारली. "व्हेरी गुड!" बद्रीनाथनं सलाम ठोकला.

सरूबाई भिंतीला टेकून उभी. स्वयंसेवकांनी अशा वेळी मध्ये बोलायचं नाही म्हणे, स्थानिक लोकांनीच बोलायचं. नियम!

साहेबांनी आवडाबाईंना विचारलं, काही अडचण? दुभाषी मी. "अडचण कसली? देवमानसं तुमी. जेवून जावा." शब्दाला शब्द भाषांतर केलं.

मग थेट मला — दवाखान्याला एकच गोष्ट द्यायची झाली, तर कोणती?

'जीप' अगदी जिभेच्या टोकाशी आली होती. काकासाहेबांनी घसा खाकरला. मी म्हटलं, "एव्हरीथिंग इज फाइन, सर. थोडं श्रीखंड घ्या ना."

वाटी चाटूनपुसून साफ केली साहेबांनी. इज्जत वाचली.

११ मार्च

पाहणीचा निकाल आला. आमची क्षमता बांधून पूर्ण झाली! आम्ही आता स्वावलंबी, आमचं उदाहरण देशोदेशी सांगणार. त्यामुळं यंदाची मदत गरजू भागीदारांकडं वळवली. सरूबाईलाही परत बोलावलं.

काकासाहेबांनी पेढे वाटले. बद्रीनाथ पेढा हातात धरून जीपकडं बघत होता. "सिस्टर, म्या रंग जरा जास्तच ब्येस दिला का वो?"

२३ मार्च

लिहवत नाही, तरी लिहिते.

साळूबाई — आवडाबाईंची सून, पहिलटकरीण. सकाळी अडली. आवडाबाईंनी स्वतः सांगितलं, माझ्या हातचं नाही, शहरात न्या. जीप फुलंब्री ओलांडून नीट आली. चौक्याच्या घाटात गिअर पडेना. साळूबाई आत ओरडत होती आणि बद्रीनाथ दांडा ओढत रडत होता. सरूबाई रस्त्यात आडवी उभी राहिली, मक्याचा ट्रक थांबवला. पोत्यांवर घालून नेलं.

सरकारी दवाखान्यात पोचलो तेव्हा उशीर झाला होता. साळूबाई वाचली. बाळ गेलं. मुलगा होता.

आवडाबाईंनी माझ्याच पाठीवरून हात फिरवला. "तुमी तरी काय करनार माय? लई धावपळ झाली तुमची." शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मला राग येतोय. त्या झेंडूच्या हाराचा, श्रीखंडाचा, आणि माझ्या त्या सफाईदार इंग्रजीचा तर सगळ्यात जास्त.

२७ मार्च

सरूबाई गेली. स्टँडवर सोडायला मी एकटीच. न राहवून म्हटलं, "तू तर जीपखाली जाऊन बघितलं होतंस. साहेबांना एका शब्दानं सांगितलं असतंस!"

ती बॅगेचे पट्टे आवळत होती. तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "सांगितलं. म्हणून ते आले. जीप द्यायची ठरली होती. फक्त तुम्ही मागायचं होतं."